उसनं कुंकू

‘वहिनी, उद्या येताना कुंकू लावून या,’ असं मी म्हटलं, तेव्हा कलावहिनींच्या नवऱ्याला जाऊन बावीस दिवस झाले होते.

त्या ओसरीवर पावटे सोलत बसल्या होत्या. हात थांबला नाही. एक शेंग सोलली, दुसरी सोलली, मग म्हणाल्या, ‘काय म्हणालीस, शालन?’

‘कुंकू. आणि गळ्यात काहीतरी काळं हवं. पोत मी आणलीय बाजारातनं. बांगड्या माझ्या घाला. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. आमच्या ह्यांच्यासमोर बसायचं, मास्तर बरे आहेत म्हणायचं, चहा घ्यायचा आणि निघायचं.’

हे मी एका दमात बोलले. मध्ये थांबले असते तर पुढचं तोंडातनं निघालंच नसतं. माझं तोंड फटकळ, हे सगळ्या मलकापुरात माहीत आहे. बालवाडीत तीस वर्षं काढली. ‘तोंडावर बोट’ म्हटलं की चाळीस पोरं चिडीचूप. घरातही माझंच चालायचं. पण त्या दिवशी बोलून झालं आणि मला माझीच शिसारी आली. तरी मी उठले नाही. उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवूनच आले होते.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई डोक्यावर पडली होती का.

आमचे हे, दिनकर निकम, कराड डेपोला ड्रायव्हर होते. कलावहिनींचे यजमान शामराव मोहिते कंडक्टर. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. दोघांनी साहेबांच्या हातापाया पडून एकोणीस वर्षं जोडीनं चिपळूणची गाडी केली. एकदा कुंभार्ली घाटात ब्रेक लागेनात. ह्यांनी गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला घासत हळू केली, आणि मास्तरांनी चालत्या गाडीतनं उडी टाकून चाकाखाली धोंडा सरकवला. त्यात त्यांचं मनगट मोडलं. पण गाडीतली बावन्न माणसं घरी गेली. तेव्हापासून आमचे हे म्हणायचे, ‘मास्तरची बेल वाजल्याशिवाय मी घरातनंसुद्धा निघत नाही.’ मी म्हणायचे, ‘मग लग्नही त्यांच्याशीच करायचं होतंत.’

रिटायर झाल्यावर मास्तर दर शनिवारी ओगलेवाडीहून यायचे. दोघं ओट्यावर दोन-दोन तास बसायचे आणि एवढ्या वेळात चार वाक्यं बोलायचे. ‘एवढं गप्प बसायला एवढ्या लांबनं कशाला येता हो?’ असं मी चहा देताना विचारायची. मास्तर हसायचे आणि बशीत चहा ओतायचे.

ह्या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. त्या साली दिवाळीनंतर ह्यांच्या छातीत कळ आली. पुण्याला नेलं, बायपास झाली. मास्तर तीन दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर झोपले. आत सोडत नव्हते म्हणून काचेबाहेर उभं राहून त्यांनी हवेतल्या हवेत दोरी दोनदा ओढून दाखवली. डबल बेल, म्हणजे चला, निघा. हे नळ्यांच्या गुंत्यातनं हसले. शुद्धीवर आल्यापासनं पहिल्यांदा हसले ते तेव्हा. ‘घरी आलास की त्याच दिवशी येतो,’ असा निरोप माझ्याजवळ ठेवून मास्तर गावी गेले.

नवव्या दिवशी घरी सोडलं. मी सामान आवरत होते, तेव्हा आमचा उमेश आत आला आणि मला बाहेर घेऊन गेला. गावाकडनं फोन आला होता. मास्तर रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

आदल्याच दिवशी तिथले मोठे डॉक्टर म्हणाले होते, ‘महिना-दोन महिने मनाला धक्का बसेल असं काही नको.’ मी दोन मिनिटांत ठरवलं. उमेशला म्हटलं, ‘बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये.’ तो म्हणाला, ‘पण आई, ते विचारतील.’ मी म्हटलं, ‘विचारू देत. माझं मी बघते.’ दुसऱ्या कुणाचा यात दोष नाही. मीच ठरवलं.

आणि मी बघितलंही. पेपरात निधनाची बातमी फोटोसकट आली होती, ती कात्रीनं कापली. हे म्हणाले, ‘पेपराला भोक कसलं?’ म्हटलं, ‘शेजारच्या पोराला वहीत चिकटवायला पाहिजे होतं काहीतरी.’ भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी फाटकातच गाठायची. डेपोतली माणसं असोत की भावकी, ‘मास्तरांचा विषय काढायचा नाही, हार्टचं दुखणं आहे,’ एवढं सांगूनच आत सोडायची. दहाव्याला नदीवर मी चोरून गेले, घरी सांगितलं की पेन्शनच्या सहीला जाते. मला वाटायचं, मी किती हुशारीनं सगळं निभावतेय.

पण झालं असं की येणारा माणूस आत आल्यावर बोलणार काय? एकोणीस वर्षं ज्या दोघांची नावं लोकांनी एका श्वासात घेतली, त्यातलं एक गाळून बोलता येतं होय? माणसं खुर्चीच्या टोकावर बसायची, थंडीचं बोलायची, ह्यांनी मास्तरांचं नाव काढलं की खाली फरशीकडं बघायची आणि चहा न संपवताच उठायची. एक दिवस हे मला म्हणाले, ‘शालन, खरं सांग. माझं ऑपरेशन फसलंय का?’

‘काहीतरीच काय?’

‘मग सगळे माझ्याकडं असे का बघतात? मयताला आल्यासारखे?’

मी म्हटलं, ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत. गोळी घ्या.’

मास्तर का आले नाहीत, याचं मी पहिल्यांदा सांगितलं की ते नाशिकला लेकीकडं गेलेत, नातवाला बरं नाही. आठ दिवस ते चाललं. मग ह्यांचं सुरू झालं, ‘फोन करायला काय होतं त्याला?’ तेव्हा मी आणखी शहाणपणा केला. म्हटलं, ‘फोन आला होता की काल दुपारी. तुम्हाला डोळा लागला होता.’

‘मग उठवलं का नाहीस?’

‘झोपलेल्या आजाऱ्याला कोण उठवतं?’

त्या दिवसापासनं त्यांनी दुपारचं झोपणं सोडलं. फोनच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसायचे. पुढं पुढं रात्रीचीही झोप गेली. घंटी वाजली की एक हात फोनवर जायचा आणि एक छातीवर. फोन कुणाचाही असायचा, विम्यावाल्याचा, उमेशचा. ह्यांचा चेहरा तेवढाच उतरायचा. शिकवलेले व्यायाम बंद, फिरणं बंद, ताटातली भाकरी तशीच. दाढी वाढली. भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि कधी कधी बोटांनी आपलीच नाडी मोजत बसायचे. मी ओरडायची, लाडीगोडी लावायची, नवस बोलायची. खरं काय ते तेवढं सांगत नव्हते.

ऑपरेशनला महिना झाला तशी त्यांना कराडच्या साबळे डॉक्टरांकडं नेलं. तपासून झाल्यावर त्यांनी ह्यांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, ‘बाई, जखम भरलीय. हृदयाचं काम चांगलं चाललंय. पण पडल्या पडल्या नाडी शंभराच्या वर आहे. वजन पाच किलोनं उतरलंय. यांचं मन खचलंय. बायपासनंतर पुष्कळांचं होतं तसं, त्याच्यावर औषध आहे, ते देतो. पण कशाची तरी काळजी आतनं कुरतडतेय. कशाची?’

‘कशाची नाही,’ मी म्हटलं.

‘बघा हं. भीती वाटली की शरीर आतनं एक रस सोडतं, पळ नाहीतर लढ, म्हणून. त्यानं ठोके वाढतात, प्रेशर वाढतं. एक-दोनदा झालं तर काही बिघडत नाही. हे गृहस्थ ना पळताहेत ना लढताहेत, नुसते पडून आहेत, आणि तो रस महिनाभर सुटतोच आहे. माझ्या गोळ्या एका बाजूनं ओढतात आणि तो दुसऱ्या बाजूनं. असं चाललं तर हे हृदय किती दिवस पुरेल, मी सांगू शकत नाही. काही वाईट बातमी असेल तर इथं माझ्यासमोर सांगू या. मी आहे.’

बघा, देवानं दार उघडून दिलं होतं. हे बाहेर बाकड्यावर बसले होते, डॉक्टर समोर होते, औषधं हाताशी होती. आणि मी म्हटलं, ‘तसं काही नाही हो, डॉक्टरसाहेब.’

घाबरले होते मी. तीन आठवडे खोटं बोलून झाल्यावर नुसत्या मरणाची बातमी सांगायची राहिली नव्हती, माझं खोटंही सांगावं लागणार होतं. येताना रिक्षात हे म्हणाले, ‘निदान वहिनींना तरी बोलव एकदा. त्या तरी खरं सांगतील मास्तरचं काय बिनसलंय ते.’ आणि मला वाटलं, हा रस्ता आहे. वहिनी येऊन सांगून गेल्या की ह्यांची खात्री पटेल, झोप लागेल, अंगात जरा ताकद आली की मग सांगू.

म्हणून मी त्या ओसरीवर बसले होते.

कलावहिनींनी सगळे पावटे सोलले. टरफलं सुपात गोळा केली. मग म्हणाल्या, ‘भाऊजींचं खरंच एवढं कठीण आहे?’

‘डॉक्टर म्हणतात हृदय किती दिवस पुरेल सांगता येत नाही.’

‘ह्यांनी चालत्या गाडीतनं उडी टाकली होती,’ त्या म्हणाल्या. ‘मला नुसतं कपाळ रंगवायचंय. सून कामावर गेली की येते उद्या.’

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीमागं गाठलं. गिरणी बंद होती, आसपास कुणी नव्हतं. मी त्यांच्या गळ्यात पोत घातली. हातात चार बांगड्या चढवल्या. कुंकवाची डबी पुढं केली, तर त्यांचा हात काही वर येईना. ‘तूच लाव,’ म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. मी लावलं. पस्तीस वर्षं दर संक्रांतीला लावत आलेले, त्याच कपाळाला. वाकडं लागलं, तेवढंही मला नीट जमलं नाही.

घरात ह्यांनी दाढी करून घेतली होती. स्वच्छ सदरा घालून उशीला टेकून बसले होते. वहिनींना बघून चेहरा उजळला. ‘या, या. कशा आहात? मास्तर कुठाय आमचा?’

‘लेकीकडं आहेत, भाऊजी. नाशिकला.’

‘अजून? बरा आहे ना तो?’

‘बरे आहेत.’

‘नातू?’

‘तोही बराय.’

‘मग का येत नाही?’

वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. याच्या पुढचं मी त्यांना पढवलंच नव्हतं. त्या गप्प बसल्या, आणि ते गप्प बसणं ह्यांना झोंबलं. ह्यांचा आवाज इतके दिवस खोल गेला होता, तो एकदम चढला.

‘म्हणजे यायचंच नाही त्याला. एकोणीस वर्षं, वहिनी. एकोणीस वर्षं मी त्याच्या बेलवर गाडी हाकली. माझी छाती फाडली आणि ह्याला एक खेप करवत नाही. मेलेल्या कुत्र्याकडंसुद्धा माणूस वळून बघतो. सांगा त्याला, आता येऊ नको म्हणावं. माझ्या मयतालाही येऊ नको. माझ्या लेखी तो मेला.’

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मी तो खाली ठेवला. वहिनी ताठ बसल्या होत्या, वाकड्या कुंकवाच्या. त्या म्हणाल्या, ‘सांगते.’

चहा त्यांनी पूर्ण प्यायला. उठल्या. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात हे म्हणाले, ‘अगं, वहिनींना हळदीकुंकू लाव. राग माझा त्याच्यावर आहे, त्यांच्यावर नाही. सवाष्णीला असंच पाठवतेस होय?’

मी करंडा आणला. वहिनींना दुसऱ्यांदा कुंकू लावलं. मग रिवाजाप्रमाणं त्यांनी करंड्यात बोट बुडवलं आणि मला लावायला हात पुढं केला.

आणि मी मान मागं घेतली.

ठरवून नाही हो. शपथेवर सांगते, ठरवून नाही. पण माझा नवरा समोर छाती धरून बसलेला, आणि विधवेच्या हातचं कुंकू माझ्या कपाळाला लागणार, हे डोक्यात यायच्या आतच मान मागं गेली. बालवाडीत मी पोरांना शिकवायची, असल्या गोष्टी खोट्या असतात म्हणून. वहिनींचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ते बोट त्यांनी सावकाश आपल्या पदराला पुसलं, आणि ह्यांना ‘येते भाऊजी, जपा’ म्हणून बाहेर पडल्या.

गिरणीमागं मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले. पोत काढून माझ्या हातात दिली, बांगड्या दिल्या. पदरानं कपाळ पुसलं, पुष्कळ वेळ पुसलं. म्हणाल्या, ‘कालपर्यंत सांगता आलं असतं, शालन. आता नाही. माझ्यासमोर काय बोलले हे भाऊजींना कळलं तर ते उभे राहणार नाहीत. आता मात्र सांभाळ.’

त्यानंतर हे एकदम शहाण्यासारखे वागायला लागले. फोनजवळची खुर्ची जागेवर गेली. दिलेली गोळी घ्यायचे, वाढलेलं खायचे, म्हटलं की ओट्यापर्यंत चालायचे. मास्तरांचं नाव बंद. मी उमेशला फोनवर सांगितलं, ‘बघ, माझा उपाय लागू पडला.’ वाट बघणं संपलं की माणूस किती शांत होतो, हे मी तेव्हा बघितलं होतं, पण ओळखलं नव्हतं.

पंधराएक दिवसांनी, शनिवारी सकाळी मी भांडी घासून आत आले तर हे कपडे करून बसलेले. पायात चपला.

‘कुठं निघालात?’

‘ओगलेवाडीला. तूही चल.’

‘डॉक्टरांनी...’

‘ऐक माझं. पंधरा दिवस विचार करतोय. त्या दिवशी वहिनी कुंकू लावायला आल्या आणि तू मागं सरलीस, मी बघितलं. तुमचं दोघींचं काहीतरी बिनसलंय. तुझ्या तोंडानं काहीतरी लागलं असणार त्यांना. म्हणून मास्तर येत नाही आणि मी त्यालाच बोलून बसलो. तो येत नसेल तर आपण जाऊ. माझी काय इज्जत जाते? चूक झाली म्हणू. परत येताना त्याला घेऊनच येऊ.’

असं म्हणून ते हसले. दीड महिन्यात इतकं बोलले नव्हते. उठून दाराकडं चालायलाही लागले, आणि मी दारात आडवी झाले.

‘जाऊ नका.’

‘का?’

‘मास्तर नाहीत.’

‘नाशिकला आहे ना अजून? असू दे, वहिनींशी बोलू.’

‘नाहीत म्हणजे नाहीत हो. गेले. तुम्हाला घरी आणलं त्याच दिवशी सकाळी. झोपेतच गेले.’

ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मी त्यांच्या छातीकडं बघत होते, जिभेखालची गोळी माझ्या मुठीत होती. ते हळूहळू खाली उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले. मोठ्यानं, पोरासारखे. मी इतकी वर्षं संसार केला, त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. बराच वेळ रडले. मी पाणी दिलं, प्यायले. नाक पुसलं. श्वास नीट चालला होता. मी मनगट धरलं, नाडी चालली होती. जिचं मी एवढं भय घेतलं होतं, ती बातमी त्यांना कळली होती, आणि ते माझ्यासमोर बसून पाणी पीत होते.

मग त्यांनी बोटं मोजली. त्यांच्या चेहऱ्यावरचं पाणी तसंच होतं, पण चेहरा बदलला.

‘म्हणजे वहिनी आल्या तेव्हा...’

मी मुठीतली गोळी परत पुडीत ठेवली.

‘ते कुंकू?’

‘मी लावलं.’

‘आणि मी त्यांच्यासमोर म्हणालो, माझ्या लेखी तो मेला.’

‘तुम्हाला काय माहीत होतं?’

‘मला माहीत नव्हतं. तुला होतं,’ ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. ‘मास्तर गेला हे मी सोसलं असतं गं. रडलो असतो, त्याच्या दहाव्याला बसलो असतो, सोसलं असतं. हे कसं सोसू?’

रिक्षा करून आम्ही ओगलेवाडीला गेलो. कलावहिनी दारातच होत्या. मोकळं कपाळ. ह्यांनी त्या कपाळाकडं बघितलं आणि त्यांच्या पायांवर वाकायला गेले. वहिनींनी पुढं होऊन धरलं.

‘मला माफ करा असं कुठल्या तोंडानं म्हणू?’

‘बसा आधी,’ वहिनी म्हणाल्या. त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. स्वतः समोर बसल्या. ‘एक सांगू का, भाऊजी? ह्यांना जाऊन वीस-बावीस दिवस झाले होते. येणारा प्रत्येक जण ह्यांचं गोडच बोलत होता. देवमाणूस होता, सोनं होतं. ऐकून ऐकून हे माझ्यापासनं लांब लांब चालल्यासारखे झाले होते. तुम्ही एकटेच त्यांच्यावर चिडलात. जित्या माणसावर चिडतात तसे. अर्धा तास माझा नवरा जिता होता. मी घरी येऊन पोटभर रडले त्या दिवशी.’

मग ते दोघं रडले. मास्तरांचं बोलत, मध्येच हसत, परत रडत. मी दाराबाहेर चपलांजवळ उभी होते. मला कुणी बाहेर ठेवलं नव्हतं, आणि आत ये असंही कुणी म्हटलं नाही. वहिनींच्या समोर जायला माझी मान वर होत नव्हती.

तुम्हाला वाटेल, त्या धक्क्यानं हे गेले असतील. नाही. हे सुधारले. खरोखर सुधारले. झोप यायला लागली, वजन भरलं, साबळे डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. दर शनिवारी ओगलेवाडीला जायचे, वहिनींच्या ओसरीवर दोन तास बसून यायचे. माझ्याशी कधी भांडले नाहीत. टोमणा मारला नाही. मीठ कमी आहे, लाईट बिल आलंय, उमेशचा फोन होता, असं सगळं बोलायचे. मनातलं तेवढं बोलायचे नाहीत. ‘काय झालं?’ विचारलं की म्हणायचे, ‘काही नाही, छान आहे.’ चार वर्षं मी ‘छान आहे’ ऐकलं. माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला ती शिक्षा फार होती, पण तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

चार वर्षांनी, श्रावणातल्या एका दुपारी जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहिला. घाम सुटला. साबळे डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी ईसीजीची पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा पडला. ते ह्यांच्यावर वाकून म्हणाले, ‘निकम, हा आजचा त्रास नाही. कधीपासून दुखतंय?’

‘आठ दिवस झाले,’ हे म्हणाले.

आठ दिवस. शेजारी मी झोपत होते, समोर बसून जेवत होते. मी विचारत होते, आणि हे छान आहे म्हणत होते. डॉक्टर सिस्टरला काहीतरी सांगायला बाहेर धावले. मी त्यांचा हात हातात घेतला. थंड होता. ती आमची शेवटची दहा मिनिटं होती, हे मला ठाऊक नव्हतं, त्यांना असावं.

‘आठ दिवस?’ मी म्हटलं. ‘आणि मला सांगितलं नाहीत?’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. दुसऱ्या हातानं त्यांनी माझ्या हातावर हळूच थोपटलं, आजाऱ्याला थोपटतात तसं.

‘तुला सोसलं नसतं,’ ते म्हणाले.